नुसते गोटे, तरी पाणी का साचतं? (हिमनदीनं टाकलेल्या जंगलमातीबद्दल)

कुदळबहाद्दर
नमस्कार मंडळी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये घरामागं साडेतीन एकर जंगल आहे. वरच्या अंगाला हेमलॉक, बीच, मेपल आणि खाली उतारावर स्प्रूस. सफरचंदाची चार झाडं लावायची म्हणून गेल्या आठवड्यात खड्डे घ्यायला लागलो. दोन दिवसांत एक खड्डा झाला, तोही गुडघ्याएवढा. फावडं मारलं की खण्ण! पहारीनं एक गोटा उचकटावा, तर खाली त्याचा थोरला भाऊ बसलेला.

दोन गोष्टी कळेनात. वरचा चार बोटं कुजका पाला बाजूला केला की राखेसारखा फिकट करडा पट्टा लागतो, दीड-दोन इंचांचा. त्याखाली एकदम गंजासारखी तांबूस माती. आधीच्या मालकानं इथं काही जाळून पुरलंय का? आणि दुसरं, जमीन एवढी गोटाळ असेल तर पाणी झरझर खाली उतरायला हवं ना? पण एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की महिनाभर इथं बूट रुततात. खोदकामवाल्याला विचारलं, तर तो म्हणतो दोन ट्रक वाळू टाका. पटत नाहीये. कुणाला अनुभव?

रानभैरी
वाचतोय. कंबरेला शेक घ्या.

नदीकाठचा
सोपं आहे. जुनं नदीपात्र असणार. गोटे, वाळू, पाणी, सगळं जुळतंय. नदीनं पात्र बदललं आणि वर जंगल वाढलं.

गारगोटी
@नदीकाठचा, इतक्यात निकाल देऊ नका. नदी माल निवडून टाकते. ओढ जोरात असेल तिथं गोटे, मंदावली की वाळू, थांबली की गाळ. धागाकर्त्यांनी एवढंच सांगावं: खड्ड्याच्या भिंतीत थर दिसतात का, की पिठूळ मातीपासून डोक्याएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकाच ठिकाणी कालवलेलं आहे? आणि एखादा गोटा नळाखाली घासून बघा. अंड्यासारखा गुळगुळीत आहे का?

कुदळबहाद्दर
कालवलेलं. थर म्हणावा असा एकही नाही, तो राखेचा पट्टा सोडला तर. पाच-सहा गोटे धुतले. कडा बोथट आहेत, पण गोल नाहीत. एक तर जुन्या इस्त्रीसारखा आहे. एक बाजू सपाट, टोकाला निमुळता. सपाट बाजूवर बारीक रेघा आहेत, बहुतेक एकाच दिशेनं, खिळ्यानं ओढल्यासारख्या. आधी वाटलं माझ्या पहारीच्या असतील, पण मातीत रुतलेल्या बाजूलाही आहेत.

अजून एक गंमत. बऱ्याच गोट्यांच्या डोक्यावर मऊ, पिठासारख्या मातीची टोपी चिकटलेली आहे. बुडाला नाही, फक्त वर.

गारगोटी
मग हा टिल. हिमनदीनं थेट टाकलेला माल. इस्त्रीचा आकार आणि रेघा ही त्याची सहीच समजा. गोटा बर्फाच्या तळाशी अडकून खडकावर घासत गेला की एक बाजू सपाट होते आणि रेघा पडतात.

उत्तर अमेरिकेवर लॉरेंटाइड नावाची हिमचादर होती. २० ते २५ हजार वर्षांपूर्वी ती सर्वांत जास्त पसरली, तेव्हा तिची दक्षिण कड न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडपर्यंत होती. तुमच्याच राज्यातल्या माउंट वॉशिंग्टनचं १,९१७ मीटरचं शिखरसुद्धा बर्फाखाली होतं. तुमच्या भागातून बर्फ हटलं त्याला ढोबळमानानं १४ हजार वर्षं झाली. मातीच्या हिशेबात हे काल-परवाचं. म्हणून चिकणमाती कमी, खडक अजून न झिजलेला आणि पोत वाळूमिश्रित पोयट्याचा.

तुमच्या पाण्याचं उत्तर मात्र गोट्यांत नाही, टिल कसा बसला त्यात आहे. हिमनदीच्या बुडाखाली दाबून, रगडून लेपला गेलेला टिल काँक्रीटसारखा घट्ट असतो. बर्फ जागेवर वितळताना त्याच्या अंगावरचा जो माल खाली बसतो, तो सैल आणि वाळूसर. पुष्कळ उतारांवर वर दीड-दोन फूट सैल माती आणि खाली दाबलेला थर, असं दुमजली प्रकरण असतं. वितळलेलं पाणी वरच्या मजल्यातून सहज उतरतं, खालच्या मजल्यावर अडतं आणि उताराच्या दिशेनं आडवं चालू लागतं. तुमचे बूट त्यात रुततात.

टोप्यांचं म्हणाल तर पाण्याबरोबर खाली उतरणारी बारीक पूड गोट्याच्या डोक्यावर अडते. गोठण्या-वितळण्याच्या फेऱ्यांनी ती आणखी घट्ट बसते. टिलमध्ये हे नेहमी दिसतं.

मुरूमवाला
म्हणजे आपल्या भाषेत मुरमाड जमीन. एवढं लांबण कशाला?

गारगोटी
नाही हो. मुरूम जागच्या जागी खडक कुजून होतो, खाली गेलं की त्याच जातीचा खडक लागतो. टिल परगावचा. कुदळबहाद्दरांच्या खड्ड्यातला ग्रॅनाइटचा गोटा उत्तरेकडच्या भलत्याच डोंगराचा असू शकतो आणि खालचा खडक वेगळाच. न्यू हॅम्पशायरमधलीच मॅडिसनची शिळा घ्या. ८३ फूट लांब, वजन अंदाजे ५,००० टन, आणि ती मूळची तिथली नाही. बर्फानं आणून ठेवली.

मुरूमवाला
मान्य. पण "गोटाळ" हा शब्द मोघम आहे. किती गोटे म्हणजे गोटाळ?

चाळणी
मी मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून हे उत्तर माझ्याकडे. अमेरिकी वर्गीकरणात २ मिलिमीटरच्या खाली ती माती, वर ते दगड. २ मिमी ते ३ इंच म्हणजे खडे, ३ ते १० इंच गोटे, १० ते २४ इंच धोंडे, त्यापुढं शिळा. दगड आकारमानाच्या १५ ते ३५ टक्के असले की जमिनीच्या नावापुढं "खडकाळ" लागतं, ३५ ते ६० असले की "अति", ६० ते ९० असले की "अत्यंत". वजनाचे टक्के नव्हेत, आकारमानाचे. इथं सगळे चुकतात.

आता पोटातलं सांगते. लोक पिशवीत माती पाठवतात. आम्ही ती वाळवून २ मिमीच्या चाळणीतून काढतो आणि जे खाली पडतं तेवढंच तपासतो. दगड डब्यात जातात. मग अहवालात "एकरी इतकं पोटॅश" असं येतं. तो हिशेब वरच्या साधारण ६-७ इंचांत एकरी २० लाख पौंड माती आहे, असं धरून केलेला असतो. ज्याच्या जमिनीचा चाळीस टक्के भाग दगडच आहे, त्याच्याकडे तेवढी माती असतेच कुठं? पाण्याचंही तेच. दोन फूट खोल जमीन दिसते, पण झाडाच्या दृष्टीनं ती सव्वा फूटच.

रानभैरी
म्हणजे साडेतीन एकर विकत घेतले आणि मिळाले दोन. रजिस्ट्री रद्द करा.

कुदळबहाद्दर
बायकोला हा प्रतिसाद दाखवणार नाही.

पण राखेचं काय?

सूचिपर्णी
राख नाही ती. फसणारे तुम्ही पहिले नव्हे. या मातीचं नावच तसं पडलंय: पॉडझॉल, रशियन भाषेत "राखेखाली". अमेरिकी पद्धतीत तिला स्पोडोसोल म्हणतात.

हेमलॉक-स्प्रूसच्या सुया कुजताना आम्लं सुटतात. पाण्याबरोबर ती खाली उतरताना मातीच्या कणांवरचं लोह आणि ॲल्युमिनियम धुऊन नेतात. मागं उरते ती उघडी पडलेली क्वार्ट्झची वाळू, म्हणून फिकट. धुतलेलं लोह आणि काळपट सेंद्रिय द्रव्य थोडं खाली जाऊन पुन्हा बसतं, तो तुमचा गंजाचा थर. पट्ट्याची खालची कड सरळ नसेल, जिभा लोंबल्यासारखी असेल. बघा बरं.

आणि एक महत्त्वाचं. हा पट्टा शाबूत आहे म्हणजे त्या जागी नांगर कधी चालला नाही. नांगरलेल्या जमिनीत वरचे ७-८ इंच एकसारखे तपकिरी होतात आणि खाली रेघ मारल्यासारखी कड दिसते. मग शंभर वर्षं जंगल वाढलं तरी ती कड चटकन जात नाही.

कुदळबहाद्दर
जिभा आहेत! पण नांगर चालला नाही कसं? रानात दगडी गडगा आहे, चांगला तीन फुटी. शेती असल्याशिवाय गडगा कोण घालेल?

सूचिपर्णी
गडग्यात दगड केवढे आहेत? मुठीएवढे पण भरलेत की सगळे दोन हातांनी उचलायचे?

कुदळबहाद्दर
सगळे दांडगे. लहान नाहीत.

सूचिपर्णी
मग ते कुरण होतं. नुसता जनावरांना अडवायचा गडगा घालणारा माणूस मोठे धोंडे रचतो आणि थांबतो. मुठीएवढे दगड वेचून टाकायचा वैताग फक्त नांगरणाऱ्याला असतो, कारण दर वसंतात नवे वर येतात.

बोरूवाला
गडग्याचा विषय निघाला म्हणून अवांतर. १८७१ मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं कुंपणांची मोजदाद छापली होती. तिच्यावरून १९३९ मध्ये एका खाण अभियंत्यानं अंदाज बांधला की अमेरिकेच्या ईशान्य भागात सुमारे २,४०,००० मैल दगडी गडगे होते. हा सगळा माल हिमनदीनं शेतात पोच केलेला!

आणि हिमनदीनं केला हे कुणाला माहीत नव्हतं. लोक समजायचे की महाप्रलयानं किंवा तरंगत्या हिमखंडांनी हे धोंडे आणले. १८३७ मध्ये लुई अगासीनं स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलला भर सभेत हिमयुगाची कल्पना मांडली, तेव्हा बरेच थोर भूवैज्ञानिक नाराज झाले होते. "टिल" हा शब्द स्कॉटलंडचा, तिथल्या चिवट, दगडाळ जमिनीचा. शास्त्रज्ञांनी तो नंतर उचलला.

नदीकाठचा
दगड "वर येतात" हे मला कायम थापच वाटतं. दगड माणसापेक्षा आळशी. माती वाहून जाते आणि ते उघडे पडतात, एवढंच.

गारगोटी
तेही होतं, पण दगड खरंच सरकतो. दगडातून थंडी मातीपेक्षा लवकर खाली उतरते. त्याच्या बुडाशी पाणी आधी गोठतं, तिथं भिंगासारखा बर्फाचा थर वाढतो आणि तो दगड वर ढकलतो. शिवाय गोठलेली वरची माती दगडाचा माथा धरून फुगते आणि त्याला ओढते. वितळताना खालच्या पोकळीत बारीक माती घरंगळते, दगडाला परत जागा मिळत नाही. दर हिवाळ्याला थोडं थोडं. जंगलात पाला आणि बर्फाचं पांघरूण असतं म्हणून गोठण उथळ राहतं. झाडं तोडून जमीन उघडी केली की दगडांना जोर येतो.

आणि तुमच्या नदीबद्दल थोडी माघार घेतो. हिमनदी जुन्या नदीपात्रावरून गेली असेल तर टिलमध्ये गोल गोटेही मिसळलेले असतात. फक्त गोलाईवरून निकाल देऊ नये, हे माझ्याही बाजूनं खरं.

नदीकाठचा
चला, अर्धा गुण मिळाला.

उत्तरध्रुवी
स्वीडनहून हजेरी. इथं देशाच्या जवळपास तीन चतुर्थांश जमिनीवर टिल आहे, इकडं त्यालाच मोरेन म्हणतात. जंगल म्हणजे मोरेन, मोरेन म्हणजे पॉडझॉल, इतकं सरळ.

एक बघण्यासारखी गोष्ट सांगतो. ईशान्य किनाऱ्यावरच्या हाय कोस्ट भागात काही टेकड्या उलट्या टकलाच्या आहेत. डोक्यावर दाट जंगल आणि त्याखाली उघडा खडक. बर्फाच्या वजनानं जमीन दबली होती. बर्फ गेलं तेव्हा समुद्र आजच्या पातळीपेक्षा २८६ मीटर वर होता आणि या टेकड्यांची टोकं बेटांसारखी बाहेर होती. टोकावरचा टिल वाचला. खालचा लाटांनी धुऊन नेला. जमीन अजून उठतेय, वर्षाला सुमारे ८ मिलिमीटर. म्हणून इथं वनवाले आधी विचारतात की जागा त्या जुन्या किनाऱ्याच्या वर आहे की खाली. वरच्या टिलमध्ये बारीक कण शिल्लक असतात, पाणी धरलं जातं. खालचा बऱ्याच ठिकाणी धुपलेला, खडे जास्त.

धागाकर्त्यांनी खड्डे खणून मरू नये. फिनलंडच्या विरो नावाच्या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात सोपी युक्ती काढली. बारीक लोखंडी सळई घ्यायची, ठरावीक अंतरावर ३० सेंटिमीटरपर्यंत खुपसायची, दगड लागला की थांबायचं आणि खोली लिहायची. सरासरी जितकी कमी तितके दगड जास्त.

हिरवाई
मी एवढं वाचून एकच सुचवते. गांडुळं सोडा! माती आपोआप भुसभुशीत होईल.

सूचिपर्णी
कृपा करून नको!! ज्या भागावर हिमचादर होती तिथल्या जंगलांत स्थानिक गांडुळं नाहीतच. आता दिसतात ती युरोप-आशियातून आलेली. तिथला जाड पाल्याचा थर हळूहळू कुजतो आणि रोपं, बुरश्या, रानफुलं त्यातच वाढतात. गांडुळं तो थर काही वर्षांत फस्त करतात. बागेत उपकारी, या जंगलात उपद्रवी.

हिरवाई
बाप रे. हे माहीतच नव्हतं. सूचना मागे.

मुरूमवाला
मग चुना टाका. सामू चारच्या आसपास असेल, त्यात सफरचंद काय जगणार?

चाळणी
सफरचंदाच्या आळ्यापुरता चुना ठीक, सहा-साडेसहा सामू त्याला मानवतो. पण मात्रा काढताना दगडांचा भाग वजा करा, नाहीतर दीडपट पडेल. आणि अख्ख्या रानाला नको.

सूचिपर्णी
रानाबद्दल "कधीच नको" म्हणणार नाही मी. ग्रॅनाइटी टिलमध्ये कॅल्शियम मुळात तुटपुंजं आणि आम्लवर्षेनं तेही धुतलं गेलं. न्यू हॅम्पशायरच्याच हबर्ड ब्रूक प्रायोगिक जंगलात १९९९ मध्ये ११.८ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरनं वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियमचं एक खनिज, टाकलं. शुगर मेपलची तब्येत सुधारलेली दिसली. उलट न्यूयॉर्कच्या पश्चिम भागात चुनखडीयुक्त टिल आहे. गोटे तेवढेच, पण जमीन सुपीक. हिमनदी कुठल्या खडकावरून आली, यावर सगळं.

आणि झाडं नुसती वाट बघत बसत नाहीत. मुळांवरच्या बुरश्यांचे तंतू पॉडझॉलच्या फिकट पट्ट्यात फेल्डस्पार या खनिजाच्या कणांत बोगदे पाडतात असं १९९७ मध्ये दाखवलं गेलं. भोक किती? मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक.

रानभैरी
बुरशीला जमतं आणि कुदळबहाद्दरांना पहार घेऊनही जमत नाही. हलके घ्या.

पायवाट
मी वादळानंतर पडलेली झाडं मोजायला जायचो, त्यावरून सांगतो. दाबलेल्या टिलवरचा स्प्रूस उलथतो तेव्हा मुळांची चकती उभी राहते. दारापेक्षा मोठी, पण जाडी हातभर. खालची बाजू इस्त्री केल्यासारखी सपाट. मुळं कडक थरापर्यंत गेली आणि तिथून काटकोनात वळली. चकतीत अडकलेले गोटे पुढं वर्षानुवर्षं टपटप पडत राहतात, तिथं उंचवटा होतो आणि शेजारी खळगा. धागाकर्त्यांच्या रानात असे उंचवटे-खळगे आहेत का? असले तर खालच्या कडक थराची शंका घ्यायला हरकत नाही.

कुदळबहाद्दर
आहेत! मला वाटायचं जुन्या थडग्यांचे उंचवटे आहेत. संध्याकाळी त्या बाजूला जात नव्हतो.

शनिवारी एक नीट खड्डा खणतो, दोन बाय दोन. मग लिहितो.

नदीकाठचा
कडक थर निघाला तर सुरुंग लावा, प्रश्न मिटला.

गारगोटी
फोडलेला थर पाण्यानं पुन्हा बसतो, आणि खाली अजून पाच-दहा फूट तोच माल असेल तर पाणी जाणार कुठं? वरच्या अंगाला आडवा चर काढून पाणी वळवणं बरं.

कुदळबहाद्दर
झाला एकदाचा. दोन बाय दोन फूट, खोली दोन फुटांच्या थोडी पुढं. दीड दिवस लागला.

२५ इंचांवर आवाजच बदलला. वर पहार खण्ण वाजायची, ती आता "ठक" करून उसळायला लागली. रंग हिरवट करडा, मध्ये गंजाचे ठिपके. पहारीच्या टोकानं उचकटलं तर ढेकूळ निघेना, पातळ पापुद्रे सुटले, पानांसारखे. एकही मूळ आत गेलेलं नाही. बीचचं एक बोटाएवढं मूळ त्या थराच्या पाठीवरून आडवं गेलंय, पायवाट म्हणाले तसं. अर्ध्या तासात खड्ड्याच्या वरच्या अंगाच्या भिंतीतून, बरोबर त्या थराच्या माथ्यावरून पाणी झिरपायला लागलं. खालच्या अंगाची भिंत कोरडी. वाळूचे दोन ट्रक रद्द केले. चर काढतोय, आणि झाडं खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावणार.

पण नवीन भानगड. खड्डा बुजवायला घेतला तर माती पुरेना! सगळी परत टाकली, तरी वीतभर खड्डा राहिला. माती गेली कुठं?

चाळणी
दगड परत टाकले का?

कुदळबहाद्दर
नाही. ते बाजूला रचलेत.

रानभैरी
=))

चाळणी
माती कुठं गेली नाही, ती होतीच तेवढी. खरं तर सैल झालेली माती फुगते, म्हणून वीतभरच कमी दिसली. दगड न्हाणीघरातल्या काट्यावर वजन करा. घनफुटाला १६५ पौंड धरून भागा.

कुदळबहाद्दर
केलं. काटा मेला नाही, पण कण्हला. अंगठ्यापेक्षा मोठे सगळे मिळून ४९५ पौंड. म्हणजे ३ घनफूट. वरचा दोन फुटांचा खड्डा ८ घनफुटांचा. ३७ टक्क्यांच्या वर झाले की हो!

चाळणी
आणि अंगठ्याहून लहान खडे अजून मातीतच आहेत. "अति" पक्कं. एक बादली चाळून बघा, खरा आकडा वर जाईल.

मुरूमवाला
गडग्यावर रचा ते दगड. लहान-मोठे दोन्ही. पुढच्या शतकातल्या सूचिपर्णीबाईंची जरा फसगत होऊ दे.

कुदळबहाद्दर
कालच रचले. चाळणी आणायला निघालोय.